ससूनमध्ये दाखल

पुण्याच्या माणसाच्या तोंडी ‘ससून’ हे नाव गमतीत येत नाही. ‘ससूनला नेलंय’ एवढं कानावर पडलं की ऐकणारा ‘कुठला वॉर्ड?’ असं विचारत चपला शोधायला लागतो. लहानपणी आम्ही पेरूच्या झाडावर फार उंच चढलो की खालून आजी ओरडायची, ‘‘उतर मुकाट्यानं, नाहीतर ससून बघावं लागेल!’’ शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग यांपैकी काहीही दाखवायला तिला कधी वेळ झाला नाही. ससूनची तयारी मात्र सदैव असे.

मुंबईकराचं तसं नाही. त्याला आधी विचारावं लागतं, कुठलं ससून? कुलाब्याला ससून डॉक आहे; तिथे पहाटे मासळीचा लिलाव चालतो. आणि काळ्या घोड्यापाशी ससून लायब्ररी आहे. तिथे दुपारी माणसं झोपतात.

यातली दुसरी माहिती मला माझ्या साडूंकडून मिळाली. साडू हे नातं मोठं विचित्र. आपण त्यांना निवडलेलं नसतं, त्यांनी आपल्याला निवडलेलं नसतं, आणि तरी दर दिवाळीला एकाच पंक्तीत शेजारीशेजारी बसून ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे’ असं विचारावं लागतं. माझे साडू गिरगावात राहतात. पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. मी पुण्याचा, सरकारी हिशेब तपासण्यात माझी हयात गेली. म्हणजे ते आयुष्यभर माल उतरवून घेत होते आणि मी आयुष्यभर ‘मग तो गेला कुठे?’ असं लाल शाईने लिहीत होतो. पटणार कसं?

पेन्शनच्या एका कागदासाठी फोर्टातल्या एका कार्यालयात माझं काम निघालं. पहाटे उठून डेक्कन क्वीन पकडली. बॅगेत गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ घेतलं होतं. १८६३ सालचं पुस्तक. मुंबईत पाऊल टाकण्यापूर्वी मुंबईविषयी वाचून घ्यावं, म्हणजे मुंबईकराला त्याच्याच शहरात दोन गोष्टी सुनावता येतात. साडूभाऊ बोरीबंदरला घ्यायला आले होते. कार्यालयात पोहोचलो, तर साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल होता, साहेब नव्हते. ‘तीननंतर या’ असं शेजारच्या टेबलाने मान वर न करता सांगितलं. घड्याळात अकराच वाजले होते.

‘‘चला, तुम्हाला बसायच्या जागी नेतो,’’ साडूभाऊ म्हणाले.

मला वाटलं, इराण्याकडे नेतायत. पण ते चहाचा विषयही न काढता सरळ काळ्या घोड्याच्या दिशेने चालू लागले. चौकात खरोखरच एक काळा घोडा उभा आहे. पाठ मोकळी. मी ऑडिटरच्या सवयीने विचारलं, ‘‘घोडा दाखवलाय, स्वार कुठाय?’’

‘‘नाही.’’

‘‘नाही म्हणजे?’’

‘‘अहो, मुंबईत कुणाला बसायला मिळतं?’’

खरी गोष्ट अशी की, पूर्वी इथल्या घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड बसलेले होते. तो पुतळा १८७९ सालचा, अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिलेला. स्वातंत्र्यानंतर राजपुत्र डोळ्यांना खुपायला लागले, आणि १९६५ साली घोड्यासकट त्यांची रवानगी भायखळ्याला राणीच्या बागेत झाली. चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. बावन्न वर्षं बिनघोड्याच्या चौकाला लोक काळा घोडा म्हणत राहिले आणि टॅक्सीवाल्यांनी एकदाही हरकत घेतली नाही. शेवटी २०१७ साली नवा घोडा बसवला, तो राजपुत्राशिवाय. मी मनातल्या मनात नोंद केली: इस्पितळ ससूनांचं, डॉक ससूनांचं, लायब्ररी ससूनांची, आणि मूळ घोडाही ससूनांचाच.

साडूभाऊंच्या बोलण्यात मात्र ‘बसायला मिळणं’ हाच विषय पुनःपुन्हा येत होता. नोकरीभर ते बसमध्ये दांडीला लटकत गेले. लोकलमधल्या चौथ्या सीटवर त्यांनी मला रस्त्यातच एक व्याख्यान दिलं. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तेव्हा त्याची एकच बाजू बसलेली असते, दुसरी बाजू अधांतरी असते. आणि तरीही तो उरलेल्या तिघांकडे ‘बसलेला माणूस’ म्हणून बघतो. ‘‘घरात पाच माणसं आणि दीड खोली. मग पुरुषाने दुपारी बसायचं कुठे? बागेत ऊन, चौपाटीवर पोलीस, हॉटेलात बसलं की पोऱ्या फडका मारत ‘और कुछ?’ विचारतो. म्हणून इथे.’’ असं म्हणून त्यांनी रस्त्यापलीकडे हात केला.

महात्मा गांधी रस्त्यावर, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या बाजूला जुन्या इमारतींची एक रांग आहे. एल्फिन्स्टन कॉलेज, मग ही लायब्ररी, मग आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, आणि टोकाला एके काळचं वॉटसन हॉटेल, जिथे १८९६ साली ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पहिल्यांदा हिंदुस्थानात दाखवला. रांगेतल्या बाकीच्या इमारती छाती काढून उभ्या आहेत. लायब्ररी मालाडच्या पिवळ्या दगडाची, अंगाने लहान. टोकदार कमानी, वर उतरतं छप्पर, दर्शनी बाजूला घड्याळ, आणि दरवाजावर पांढऱ्या दगडातलं एक दाढीधारी मस्तक. ते डेव्हिड ससून. आत शिरलो तर ते परत भेटले, या वेळी आख्खे, संगमरवरात, बगदादी पायघोळ अंगरखा आणि डोक्याला पागोटं अशा वेशात. पुतळा थॉमस वूलनर या इंग्रज शिल्पकाराने केलेला आहे. पुढच्या दोन-तीन तासांत माझ्या लक्षात आलं की या वास्तूत सतत उभे असलेले गृहस्थ हे एकटेच. ज्यांनी पैसे दिले ते उभे, बाकी सगळे आडवे.

‘‘आमच्या गोदीवाल्यांनी काढलेली संस्था आहे ही,’’ पुतळ्यापाशी थांबून साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात सातबाऱ्यावर नाव असल्याचा रुबाब होता.

यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. १८४७ साली सरकारी टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण यंत्रकारांनी आणि फोरमन लोकांनी मिळून ही संस्था सुरू केली. यंत्रांचे नमुने ठेवायचे, नकाशे बघायचे, व्याख्यानं ऐकायची, पुस्तकं वाचायची, असा बेत होता. दिवसभर घण आणि कानस चालवून आलेली ही माणसं. पुढे डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपये दिले आणि संस्थेला त्यांचं नाव लागलं. मी साडूंना एवढंच सुचवलं, की ती गोदी सरकारी आरमाराची होती. तुमचं पोर्ट ट्रस्ट १८७३ सालचं, म्हणजे ही इमारत पुरी झाल्यावर तीन वर्षांनी जन्माला आलेलं.

‘‘पाणी एकच ना?’’ साडूभाऊ म्हणाले.

यावर माझ्याकडे आक्षेप नव्हता. मग मी दुसरीकडून शिरलो. इमारतीला खर्च आला सव्वा लाख. ससूनांचे त्यातले साठ हजार. म्हणजे शेकडा अठ्ठेचाळीस. उरलेले बावन्न टक्के मुंबई सरकारचे. आणि पाटीवर नाव शंभर टक्के ससूनांचं! माझ्या सेवेच्या काळात असं प्रकरण समोर आलं असतं तर मी तीन पानी शेरा लिहिला असता.

‘‘सरकारचे पैसे कधी कुणाच्या नावाने ओळखले जातात का?’’ साडूभाऊ म्हणाले. ‘‘ते जातात, एवढंच ओळखतात.’’

या दानशूर गृहस्थांची मला मात्र गंमत वाटली. १८३२च्या सुमारास बगदादहून मुंबईत आले. अरबी, फारसी, तुर्की, हिब्रू येत होतं. इंग्रजी येत नव्हतं. १८५३ साली ब्रिटिश नागरिक झाले तेही इंग्रजी न येता. आणि अशा माणसाने पैसे दिले कशाला, तर मुख्यतः इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्यांच्या संस्थेला. आपल्याकडे ज्यांना चांगलं इंग्रजी येतं ते वाचनालयाची वार्षिक वर्गणी दोन हप्त्यांत द्यायला बघतात. शिवाय ही इमारत त्यांनी डोळ्यांनी पाहिलीच नाही. ती झाली १८७० साली. ते गेले १८६४ साली. गेले कुठे? पुण्याला. कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांचं थडगं आहे. ही गोष्ट मी साडूंना सविस्तर सांगितली. कमावलं असेल मुंबईत, पण शेवटचा श्वास घ्यायला माणूस पुण्यालाच आला.

‘‘बरोबर आहे,’’ साडूभाऊ शांतपणे म्हणाले. ‘‘मरायला पुण्यासारखं शांत गाव नाही.’’

अशा वेळी हातचा राखून ठेवलेला पत्ता टाकावा लागतो. मी म्हणालो, ‘‘साडूभाऊ, आमचं पुणे नगर वाचन मंदिर माहीत आहे ना? लोकहितवादींच्या पुढाकाराने बुधवार वाड्यात सुरू झालेलं. साल, अठराशे अठ्ठेचाळीस!’’

साडूभाऊंनी काहीही न बोलता माझ्या डोळ्यांसमोर एक बोट धरलं. एक वर्ष. आमची लायब्ररी अठराशे सत्तेचाळीसची. ते बोट तसंच धरून ते जिना चढू लागले आणि मी मागून.

वर गेलं की आधी वाचनाची दालनं लागतात. लाकडी कपाटं, त्यांच्या काचांमागे जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, लांब टेबलं. इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती, हिंदी पुस्तकंही आहेत. २०२३ साली मोठी डागडुजी होऊन इमारत पुन्हा उघडली. मधल्या काळात कुणीतरी डोक्यावर काँक्रीटचा सपाट स्लॅब घातला होता, तो काढून जुन्यासारखं उतरतं छप्पर केलं. आत टेबलांवर सी.ए.ची आणि वकिलीची पोरं डोकं खुपसून बसली होती. एकीच्या समोर कंपनी कायद्याचा एवढा मोठा ठोकळा होता की तिला पलीकडचा मुलगा दिसत नव्हता. बहुधा तिच्यासाठीच त्याने ती जागा धरली होती, कारण तो सारखा मान उंच करून पंख्याकडे बघत होता.

साडूभाऊ या ज्ञानयज्ञाकडे ढुंकूनही न बघता पलीकडच्या दारातून बाहेर पडले. आणि तिथे रस्त्यावर झुकलेला तो व्हरांडा लागला.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं.

व्हरांड्यात कमानींच्या रांगेत आरामखुर्च्या मांडलेल्या आहेत. जुन्या लाकडी, पाठ मागे कललेल्या. कोकणात किंवा वाड्यात वाढलेल्या कुणालाही या जातीची खुर्ची ठाऊक असते, कारण त्या खुर्चीत आजोबा असायचे आणि आपल्याला तिथे बसायची बंदी असायची. हिचे हात बैठकीपाशी संपत नाहीत. पुढे चांगले लांबपर्यंत जातात. ते हातांसाठी नसतातच. ते पायांसाठी असतात. डावा पाय डाव्या दांड्यावर, उजवा उजव्या दांड्यावर, आणि मधे आपण. साहेबाने ही बैठक शोधली तेव्हा त्याच्या समोर कोण उभं असायचं आणि त्या उभ्या राहणाऱ्याला कसं वाटत असेल, याचा विचार त्याने केलेला दिसत नाही.

सभ्य पुणेकराला असं पाय फाकून चारचौघांत बसणं जमत नाही. मी आधी नुसताच टेकलो. पण ती खुर्ची टेकू देत नाही. पाठ एवढी मागे आहे की माणूस टेकायला गेला तर तिला शोधत आतच जातो. आत गेल्यावर पाय आपोआप जमिनीवरून उचलले जातात. मग त्या लोंबकळत्या पायांचं करायचं काय? साडूभाऊ शेजारच्या खुर्चीतून मार्गदर्शन करत होते. ‘‘आधी डावा. मग उजवा. लाज नका बाळगू, इथे कुणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत.’’

मी आजूबाजूला बघितलं. खरंच होते. पलीकडे एक वकीलसाहेब, गळ्यात पांढरे बँड, छातीवर टॅग बांधलेली ब्रीफ. श्वासाबरोबर ब्रीफ वर जात होती आणि खाली येत होती. हायकोर्ट इथून हाकेच्या अंतरावर आहे. तारीख पडली असावी. त्यांच्यापुढे एका वृद्ध पारशी गृहस्थांनी इंग्रजी वर्तमानपत्र तोंडावर घेतलं होतं. मराठी वर्तमानपत्रं तोंडावर कुणीच घेतलेली नव्हती. साडूभाऊंचं म्हणणं, आपल्या पेपरात हल्ली जाहिरातींचा कागद गुळगुळीत येतो, घसरतो. खाली महात्मा गांधी रस्त्यावर बसचे हॉर्न, टॅक्सी, जहांगीरसमोर फोटो काढणारी तरुण मंडळी, गाड्या लावून घेणाऱ्याच्या शिट्ट्या. आणि वर ही सगळी माणसं निवांत.

मला एकदम एक गोष्ट सुचली आणि मी साडूंना हलवलं. ससूनांची दौलत आली कशातून? कापूस होता, पण मोठा भाग चीनच्या अफूच्या व्यापाराचा. आणि त्या पैशांवर उभ्या राहिलेल्या इमारतीत दीडशे वर्षांनंतरही लोकांना गुंगी येते! याला म्हणतात कुळधर्म. विनोद मला बरा वाटला होता; ज्यांच्या पणजोबांनी ती अफू ओढली त्या चिन्यांना वाटला नसता, ही वेगळी गोष्ट. पण साडूभाऊंना तो ऐकूच गेला नाही. ते झोपले होते. घोरत मात्र नव्हते. या व्हरांड्यात घोरणं कमी दर्जाचं मानतात. एकाने सुरुवात केली तर आजूबाजूचे झोपेतच घसा खाकरतात आणि तो थांबतो.

मी ‘मुंबईचे वर्णन’ उघडलं. या पुस्तकात ही इमारत सापडणार नाही, कारण ती पुस्तकानंतर सात वर्षांनी झाली, हे मला माहीत होतं. तरी अनुक्रमणिका पाहिली. दुसरं पान उलटलं की नाही, आठवत नाही.

फोन थरथरला. सासूबाई. त्या सध्या आमच्याकडे पुण्याला असतात. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे कमी, शंका घेण्याची शक्ती मात्र शाबूत. गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय एवढंच त्यांना विचारायचं होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

‘‘कुठे आहात?’’

इथे मोठ्याने बोलायची सोय नाही. मी तोंडावर हात धरून श्वासाच्या आवाजात म्हणालो, ‘‘ससूनमध्ये.’’

‘‘कुठे?’’

‘‘ससून... ससूनमध्ये.’’

पलीकडे क्षणभर काहीच आलं नाही. मग, ‘‘काय झालं हो?’’

‘‘काही नाही. जरा आडवा झालोय.’’

‘‘आवाज का असा खोल गेलाय तुमचा?’’

‘‘बोलायची परवानगी नाही इथे.’’

‘‘अगबाई! जवळ कुणी आपलं माणूस आहे का?’’

‘‘साडूभाऊ आहेत. शेजारीच आडवे आहेत. हलवून बघितलं, उठत नाहीत.’’

‘‘आणि पाय? पाय धड आहेत ना?’’ त्यांनी हे का विचारलं कुणास ठाऊक. त्यांच्या पिढीत अपघात म्हटला की आधी पाय.

‘‘पाय वर करून ठेवलेत.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

एवढ्यात तिथला सेवक माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी घाईने म्हणालो, ‘‘ठेवतो आता. माणूस आलाय. फोन बंद करायला सांगतायत.’’

या संभाषणात मी एक अक्षर खोटं बोललेलो नाही. आयुष्यात इतकं अचूक निवेदन मी ऑडिटच्या अहवालातही केलं नसेल.

पुण्यात काय झालं ते नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. ससून इस्पितळ पुणे स्टेशनला लागून आहे. मी पहाटे स्टेशनवर गेलो होतो. तेव्हा जावई डेक्कन क्वीनमध्ये चढलेच नाहीत, स्टेशनवरच काहीतरी झालं, हे सासूबाईंनी ताडलं. गिरगावातले दुसरे जावई त्याच वेळी पुणे स्टेशनवर काय करत होते, हा प्रश्न पडायला हवा होता. पण दोन्ही जावई एकदम आडवे झाल्यावर असले प्रश्न सुचत नाहीत. भाच्याला स्कूटरवर पिटाळलं. शेजारच्या काकूंनी थर्मासमध्ये पेज भरली. खालच्या मजल्यावरच्या जोशीबुवांनी ‘मी म्हटलंच होतं, हल्ली त्यांचा चेहरा ओढलेला दिसतो’ असं सांगून टाकलं. भाच्याने इस्पितळात दोन नावं सांगितली. तिथल्या बाईंनी बिचारीने दोनदा यादी पाहिली आणि असे कुणी दाखल नाहीत, असं सांगितलं. भाच्याने तसं घरी कळवलं. सासूबाईंनी त्याचा अर्थ लावला, ‘‘म्हणजे नाव सांगण्याइतकीही शुद्ध नव्हती!’’

शेवटी माझ्या बायकोने गिरगावात बहिणीला फोन लावला. ती डाळ निवडत होती.

‘‘ताई, भाऊजी ससूनमध्ये आहेत असं कळलं...’’

‘‘हो, असतील.’’

‘‘असतील काय? आडवे आहेत म्हणे!’’

‘‘अगं, दुपारची वेळ आहे. रोजच असतात.’’

‘‘रोज? ससूनमध्ये?’’

‘‘पावसाळ्यात नाही. तेव्हा व्हरांड्यात झड येते.’’

मग उलगडा झाला. पेज भाच्याने प्यायली.

इकडे व्हरांड्यात मला जाग आली ती उन्हाची तिरीप पायावर आली तेव्हा. खुर्चीतून उठणं हे बसण्यापेक्षा अवघड. दोन्ही पाय दांड्यांवर, वजन सगळं मागे, धरायला काही नाही. पुढे झुकावं तर पोट आडवं येतं. पाय खाली घ्यावेत तर एक येतो आणि दुसरा अडकतो, आणि माणूस थोडा वेळ बिनघोड्याचा स्वार होऊन राहतो. वकीलसाहेब मात्र एका झटक्यात उठले, बँड सरळ केले आणि ब्रीफ काखेत मारून चालते झाले. सवय पाहिजे. मला साडूंनी ओढून काढलं. कार्यालयात पोहोचलो तेव्हा साहेब येऊन गेले होते. खुर्चीवर टॉवेलही नव्हता.

रात्री घरी आल्यावर व्हायचं ते झालं. सगळं बोलणं ऐकून घेतल्यावर, आपली बाजू जरा सावरावी म्हणून मी सासूबाईंना ससून लायब्ररीची थोरवी सांगू लागलो. १८४७ साल. पुण्याचं १८४८. २०१८ साली युनेस्कोने तिथल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या परिसराला जागतिक वारसा ठरवलं, ती लायब्ररीही त्यातच येते. तेव्हा आज दुपारी मी झोपलो ते जागतिक वारशात झोपलो. सासूबाईंनी वाती वळता वळता मान वर केली. त्या रत्नागिरीच्या.

‘‘आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय अठराशे अठ्ठावीसचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि तिथे माणसं जागी राहून वाचतात.’’

दोन जावयांनी दिवसभर एका वर्षासाठी केलेला वाद त्यांनी वीस वर्षांच्या फरकाने निकालात काढला. मी हे गिरगावला फोन करून कळवलं. साडूभाऊ म्हणाले, ‘‘जागी राहतात, कारण तिथे घरी झोपायला जागा असते.’’

मला वाटतं, यात साडूंचंच बरोबर आहे. वाचनालयात झोपणाऱ्यांवर फार टीका होते. रिकामटेकडे लोक येतात, पंख्याखाली बसतात, पेपर तोंडावर घेतात, वगैरे. पण ही संस्था काढली कुणी? दिवसभर यंत्रांशी झटून दमलेल्या माणसांनी. संध्याकाळी वाफेच्या यंत्रावरचं व्याख्यान ऐकताना त्यांतल्या एकाचीही मान लवली नसेल, असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी मी ते प्रमाणपत्र मान्य करणार नाही. आणि झोपणारे सगळेच झोपायला येत नाहीत. साडूंनी त्या व्हरांड्यात बसून बरंच वाचलेलं आहे. घोड्याचा, पुतळ्याचा, टांकसाळीचा इतिहास मला रस्त्यात त्यांनीच सांगितला, मी नंतर फक्त तपासून घेतला. माणसाला आधी टेकायला जागा मिळते, मग तो हाताशी आलेलं पान वाचतो, मग झोपतो, उठल्यावर पुढचं पान वाचतो. उभ्याने वाचण्याचा सराव मुंबईकराला लोकलमध्ये भरपूर असतो. त्यासाठी लायब्ररी लागत नाही.

महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. तपासणीला आलेला माणूस पुस्तकं मोजतो, वाचक मोजतो, नियतकालिकं मोजतो. मी त्याच्याच जातीचा, तेव्हा त्याला दोष देत नाही. पण आरामखुर्च्या मोजलेल्या मी कुठे पाहिल्या नाहीत, आणि गावोगावच्या वाचनालयांत बसायला काय असतं ते आपल्याला माहीत आहे: लोखंडी घडीच्या खुर्च्या, ज्यांच्या पाठीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं आणि ज्यांत अर्धा तास बसलं की आपणही त्याच यादीत जाऊ असं वाटतं.

म्हणून एक विनंती. घर बदलताना किंवा वाडा पाडताना वाचनालयाच्या दारात पुस्तकांची पोती नेऊन टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात मुखपृष्ठ गेलेले दिवाळी अंक असतात, मुलाची दहावीची गाइडं असतात, आणि वाळवी असते. वाचनालयवाले संकोचाने ‘नको’ म्हणत नाहीत, पण त्यांच्याकडे ते ठेवायला जागा नसते. त्याऐवजी माळ्यावर बघा. आजोबांची आरामखुर्ची तिथे उलटी पडलेली असेल. भंगारवाला तिचे वजनावर पैसे देतो. त्याला बोलावण्याआधी गल्लीतल्या वाचनालयात एकदा विचारा. लांब हातांची असेल तर फारच उत्तम. बैठकीचं कापड विरलं असेल तर नवं घालून द्या, तेवढा खर्च आपणच करावा. आणि स्मरणार्थ म्हणून पाठीवर नाव घालायचा मोह आवरा.